रुपयांत की युरोत? परदेशात कार्ड घासण्याआधी

नाशिकरोडला नोटा छापतात आणि पासपोर्टच्या पुस्तिकाही तिथल्याच प्रेसमध्ये छापल्या जातात. परदेशात यातला पासपोर्ट तेवढा कामाला येतो. आपल्या गावात छापलेली नोट बर्लिनच्या दुकानात कोणी घेत नाही, आणि नेपाळ-भूतान वगळता ती देशाबाहेर न्यायची तर २५,००० रुपयांपर्यंतच नेता येते. उरतं ते कार्ड.

मे महिन्यातली युरोपची ग्रुप टूर असो, दिवाळीच्या सुट्टीतलं थायलंड असो, की फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनाला निघालेले द्राक्ष निर्यातदार असोत, निघण्याआधी प्रत्येकाला एकच काळजी असते: कार्ड चोरीला गेलं तर? काळजी रास्त आहे, पण अर्धवट आहे. चोराने काढलेले पैसे वेळेत कळवलं तर बऱ्याचदा परत मिळतात. आपण स्वतः मशीनवर 'यस' दाबून दिलेले पैसे कोणतीही बँक परत देत नाही. म्हणून आधी त्या 'यस'बद्दल.

मशीन रुपयांत विचारतं तेव्हा

पॅरिसमधल्या दुकानात १०० युरोची खरेदी केली आणि कार्ड मशीनला लावलं. कार्ड भारतीय आहे हे मशीनला लगेच कळतं. पडद्यावर दोन आकडे येतात, एक युरोत आणि एक रुपयांत. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, हिशेब सोपा वाटतो, बोट तिकडे जातं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी, म्हणतात. रुपयाचा दर इथे तुमची बँक ठरवत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डही ठरवत नाही. तो त्या दुकानाचं मशीन चालवणारी कंपनी ठरवते, आणि त्यातला काही वाटा दुकानदारालाही मिळतो. काही ठिकाणी विक्रेता न विचारताच रुपये निवडून मोकळा होतो, त्याचं कारण हेच.

आकडे मांडून बघू. हिशेबाच्या सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरा. युरो निवडले तर मूळ रक्कम १०,००० रुपये. बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांवर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारावरचं बँकेचं शुल्क, लागतो. ते ३५० रुपये. त्या ३५० वर १८ टक्के जीएसटी, ६३ रुपये. एकूण १०,४१३. आता रुपये निवडले आणि मशीनवाल्याने दरात ५ टक्के चढवले असं धरा. रक्कम झाली १०,५००. 'रुपयांत घेतलं म्हणजे मार्कअप वाचला' असं इथे वाटतं, पण परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावर अनेक भारतीय बँका वेगळं १ टक्का शुल्क लावतात. ते १०५ रुपये, त्यावर जीएसटी १८ रुपये ९० पैसे. एकूण १०,६२३ रुपये ९० पैसे. कार्ड शून्य मार्कअपचं असेल तर फरक आणखी टोचतो, कारण युरोत तेच बिल १०,००० च्या आसपास राहिलं असतं.

नियम एकच: ज्या देशात आहात त्या देशाचं चलन. दुबईत दिरहॅम, बँकॉकमध्ये बाहत, झुरिकमध्ये फ्रँक. युरोपीय संघातल्या अनेक मशीनवर डीसीसी देणारी कंपनी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त घेते हे दिसतं. ती बारीक अक्षरातली टक्केवारी एकदा वाचली की पुन्हा सांगावं लागत नाही. पावतीवर 'आयएनआर' (म्हणजे रुपये) दिसलं तर काउंटर सोडायच्या आत व्यवहार व्हॉइड, म्हणजे रद्द, करायला सांगा आणि तिथल्या चलनात पुन्हा करायला लावा. हॉटेलवर गेल्यावर पावती पाहिली तर काही उपयोग नाही, कारण तुमच्या बँकेच्या लेखी तो तुमच्या संमतीने झालेला व्यवहार असतो.

हाच प्रकार एटीएमवर जास्त धूर्तपणे होतो. तिथे प्रश्न असतो: 'ॲक्सेप्ट कन्व्हर्जन' की 'डिक्लाइन कन्व्हर्जन'? डिक्लाइन दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत अशी भीती वाटते आणि माणूस ॲक्सेप्ट दाबतो. डिक्लाइनने व्यवहार रद्द होत नाही, फक्त त्यांचा दर नाकारला जातो. पैसे येतातच, आणि तुमच्या कार्डाच्या दराने येतात. घरी बसून तिकीट-हॉटेल बुक करतानाही परदेशी संकेतस्थळ रुपयांत किंमत दाखवतं. कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर तिथेही ते १ टक्का शुल्क लागू शकतं.

कोणती कार्डं न्यायची

दोन बँकांची, दोन वेगळ्या नेटवर्कची, दोन वेगळ्या पिशव्यांत. बायकोच्या पर्समधलं ॲड-ऑन कार्ड हे 'दुसरं कार्ड' धरू नका. खातं आणि मर्यादा एकच असते. मूळ खात्यावर बँकेने काही रोखलं की दोघंही अडकतात.

क्रेडिट कार्ड दुकानं, हॉटेल आणि गाडी भाड्याने घेण्यासाठी. त्यावर एटीएममधून रोख काढू नका, कारण साधारण २.५ टक्के रोख-शुल्क, वर मार्कअप, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत रोख रकमेला नसते. रोख काढायला डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (त्याबद्दल पुढे) ठेवा. डेबिट कार्डाला मात्र मुख्य खातं जोडलेलं नसावं. पगार किंवा धंद्याचं खातं सोडून वेगळं बचत खातं असेल, तर सहलीपुरते पैसे त्यात टाकायचे. चोर पोचला तरी तेवढ्यापर्यंतच पोचतो.

आपल्याकडे अनेकांचं रोजचं खातं सहकारी बँकेत असतं आणि त्याचं रुपे कार्ड फक्त देशांतर्गत चालणारं असू शकतं. आंतरराष्ट्रीय रुपे कार्डं डिस्कव्हर आणि डायनर्स क्लबच्या जाळ्यावर चालतात, पण ती चिन्हं प्रत्येक दुकानात सापडत नाहीत. ते दुसरं किंवा तिसरं कार्ड म्हणून ठीक. यूपीआय भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, यूएई अशा देशांत काही ठिकाणी चालतं, त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय वेगळं सुरू करावं लागतं. त्याच्या भरवशावर मात्र विमानात बसू नये.

फॉरेक्स कार्डाबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याची जाहिरात जितकी सोपी असते तितका हिशेब सोपा नसतो. त्यात परकीय चलन आधीच भरून ठेवायचं, म्हणजे दर त्या दिवशीच पक्का होतो. फायदा खरा आहे, पण तो भरलेलं चलन आणि खर्चाचं चलन एकच असेल तरच. युरो भरून स्वित्झर्लंडला गेलात तर तिथे फ्रँक लागतात. डॉलर भरून व्हिएतनामला गेलात तर तिथे डोंग, आणि डोंग भरायची सोय आपल्याकडच्या कार्डांवर सहसा नसतेच. अशा प्रत्येक व्यवहारावर क्रॉस-करन्सी शुल्क लागतं, बहुतेक कार्डांवर ते २ ते ३.५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. म्हणजे ज्यापासून पळालो तेच दुसऱ्या नावाने परत. आपल्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमात पॅरिस, स्वित्झर्लंड, प्राग आणि बुडापेस्ट असं सगळं एका दमात असतं. तिथे युरो, फ्रँक, कोरुना आणि फोरिंट अशी चार चलनं होतात. अशा वेळी फॉरेक्स कार्डात युरो आणि फ्रँक भरावेत, बाकी दोन देशांत कमी मार्कअपचं क्रेडिट कार्ड वापरावं.

फॉरेक्स घेताना 'झिरो कमिशन' ऐकून भुलू नका. कमिशन दरातच लपवलेलं असतं. नाशिकच्या कॅनडा कॉर्नर ते कॉलेज रोड भागात बँकांची दाटी आहे (कॅनडाला न जाताही तिथे डॉलर मिळावेत, नावाला तरी शोभेल). दोन ठिकाणी एकाच दिवशी, एकाच तासात विचारा: '१,००० युरो भरायला सगळं धरून किती रुपये द्यायचे?' फक्त हा एकच आकडा ताडून बघा. चलन विनिमयावरचा जीएसटीही त्यात धरलेला हवा. १ लाख रुपयांपर्यंतच्या विनिमयावर तो ४५ ते १८० रुपयांच्या मधे येतो. रोख परकीय नोटा एका प्रवासाला साधारण ३,००० डॉलरपर्यंतच घेता येतात, बाकी कार्डात. आणि ५०,००० रुपयांच्या वरची खरेदी रोख पैसे देऊन करता येत नाही.

कराचंही इथेच उरकतो. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्डावरचा खर्च उदारीकृत प्रेषण योजनेत (परदेशी पैसे पाठवण्याच्या सवलतीत), म्हणजे एलआरएसमध्ये धरला जातो. माणशी आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर ही त्याची मर्यादा. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, नाही. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसमध्ये धरायचं २०२३ मध्ये ठरलं होतं, पण त्याच वर्षी जूनच्या अखेरीस ते पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. टूर कंपनीच्या पॅकेजचा टीसीएस वेगळ्या नियमाने लागतो आणि तो बिलातच येतो. पावती जपा, विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो.

निघण्याआधीची कुलपं

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनवर चालू असतं. आंतरराष्ट्रीय, ऑनलाइन आणि टॅप ही तीन बटणं ग्राहकाने स्वतः सुरू करायची. कार्ड परदेशात पहिल्याच दुकानात नाकारलं जातं ते याचमुळे. हे काम आदल्या आठवड्यात करा. मुंबई विमानतळाकडे जाताना कसारा घाटात गाडीत बसून करायचं हे काम नव्हे.

पण सगळी बटणं एकदम सुरू करू नका. आंतरराष्ट्रीय स्वाइप आणि एटीएम चालू, आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बंद. कारण ओटीपीची जी सवय आपल्याला आहे ती देशातल्या व्यवहारांपुरती. परदेशी संकेतस्थळं ओटीपी न मागताही पैसे वळते करू शकतात, त्यांना कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. म्हणून कोणी कार्डाचे फोटो काढले तर तुमच्याकडचं खरं कुलूप म्हणजे ते ऑनलाइनचं बटण. संग्रहालयाचं तिकीट काढायचं असेल तेव्हा उघडा, झालं की लावा. ॲपमध्ये दिवसाची मर्यादाही घाला. तीन लाखांची मर्यादा असलेल्या कार्डाला सहलीत दिवसाला ४०,००० पुरतात.

पिन पाठ हवा. भारतात टॅपची सवय लागल्याने क्रेडिट कार्डाचा पिन अनेकांना आठवत नाही, आणि युरोपातल्या रेल्वे तिकिटाच्या किंवा पार्किंगच्या माणूस नसलेल्या मशीनवर तोच लागतो. ओळीने चुकीचा पिन टाकला की कार्ड बंद. निघण्याआधी गावातल्या एटीएमवर प्रत्येक कार्ड एकदा पिन टाकून तपासा.

नाशिकचं सिमकार्ड काढून घरी ठेवू नका. ते फोनमध्येच राहू द्या, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम वापरा आणि भारतीय सिमचा डेटा बंद ठेवा. ओटीपी आणि खर्चाचे संदेश त्याच सिमवर येतात, अनेक बँकांची ॲपंही ते सिम फोनमध्ये नसेल तर उघडत नाहीत. आणि बँकेचा १८०० ने सुरू होणारा नंबर परदेशातून सहसा लागत नाही. कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या संकेतस्थळावर +९१ ने सुरू होणारा नंबर असतो. तो कागदावर लिहून कार्डांपासून वेगळा ठेवा. फोनमधला नंबर फोनसकट जातो.

तिथे पोचल्यावर

एटीएम बँकेच्या शाखेतलं निवडा, शक्यतो शाखा उघडी असताना. कार्ड आत अडकलं तर काचेपलीकडे माणूस असतो. विमानतळावरची आणि पर्यटकांच्या चौकातली सुटी मशीनं टाळा, त्यांचं शुल्क आणि डीसीसी दोन्ही जड असतात. थायलंडमध्ये एटीएमचं स्वतःचं शुल्कच एका वेळी २२० बाहत किंवा त्याहून जास्त आहे. २,००० बाहत काढले तर ११ टक्के तिथेच गेले, २०,००० काढले तर १.१ टक्का. म्हणून रोख काढायची तर कमी वेळा, मोठी. खातं विचारलं तर डेबिट कार्डाला 'सेव्हिंग्ज', तेही नाकारलं तर 'चेकिंग'. कार्डाची फट हलवून बघा, सैल वाटली तर सोडून द्या. पिन टाकताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाका, छोटा कॅमेरा वरच असतो. कार्ड अडकलं असताना 'पिन परत टाकून बघा' असं सांगणारा मदतनीस हा त्याच टोळीतला असतो असं धरूनच चाला.

पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, असं झालं तर मशीनचा क्रमांक, वेळ आणि पावतीचा फोटो घ्या आणि तक्रार तुमच्या बँकेकडे करा. तिथल्या बँकेकडे हेलपाटे घालून काही होत नाही. देशात अशी रक्कम पाच दिवसांत परत करायचं जे बंधन आहे, ते परदेशी व्यवहारांना लागू नाही. काही आठवडे धरून चाला.

रोख किती लागेल हे देशावर आहे. स्वीडनमध्ये नाण्याचं तोंड न बघता आठवडा जातो. जर्मनीत काही बेकऱ्या आणि छोटी दुकानं फक्त त्यांचंच गिरोकार्ड घेतात, तुमचं व्हिसा असो की मास्टरकार्ड. जपानमध्ये लहान खानावळींत रोख लागते, आणि परदेशी कार्ड चालणारं एटीएम सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात हमखास मिळतं. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, कार्ड थेट फाटकावर टॅप होतं. पण आत जाताना स्मार्ट घड्याळाने आणि बाहेर पडताना कार्डाने टॅप केलं तर यंत्रणा ती दोन वेगळी कार्डं धरते आणि दोन्हींवर पूर्ण दंडात्मक भाडं लावते. जे आत, तेच बाहेर.

अमेरिकेत वेटर कार्ड आत घेऊन जातो. आपल्याला हे खटकतं, तिथे ती रीत आहे. आधी जेवणाची रक्कम रोखली जाते, नंतर तुम्ही पावतीवर टिप आणि एकूण लिहिता, आणि एक-दोन दिवसांनी जास्तीची रक्कम कापली जाते. ही फसवणूक नव्हे. मात्र 'टिप' आणि 'टोटल' या दोन्ही जागा भरा, टिप रोख दिली तर तिथे आडवी रेघ मारा, आणि पावतीचा फोटो घ्या. पेट्रोल पंपावर मशीन पाच आकडी झिप कोड मागतं, आपला पिन कोड सहा आकडी. खटपट न करता आत कॅशियरकडे जाऊन आधी पैसे द्या.

हॉटेल आणि भाड्याची गाडी इथे डेबिट कार्ड पुढे करणं ही महागडी चूक आहे. ते अनामत म्हणून रक्कम रोखून ठेवतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा कमी होते, डेबिटवर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, म्हणजे सहल संपून जाते. गाडीवाल्यांना चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. सोडताना ज्या कार्डावर अनामत घेतली त्याच कार्डावर बिल करायला सांगा, नाहीतर काही दिवस दोन्ही रकमा अडकतात.

सार्वजनिक वाय-फायची जितकी धास्ती घेतली जाते तितकी आता गरज नाही, बँकांची ॲपं कूटबद्ध असतात. जास्त धोका येतो तो हॉटेलच्या नावाने आलेल्या संदेशातून: 'कार्ड पडताळणी झाली नाही, १२ तासांत या दुव्यावर करा, नाहीतर बुकिंग रद्द.' हॉटेलचं खातंच चोरांच्या हातात गेलेलं असेल तर हा संदेश खऱ्या बुकिंग ॲपमधूनही येतो, तुमचं नाव आणि तारीख बरोबर असतात. दुवा न उघडता हॉटेलला फोन करा. पार्किंग मशीनवर वरून चिकटवलेला क्यूआर कोडही असाच.

गेलंच तर

पहिलं काम पोलीस ठाणं नव्हे. पहिलं काम ॲपमधून कार्ड लॉक करणं, दुसरं +९१ च्या नंबरवर ब्लॉक करून तक्रार क्रमांक घेणं. मग पोलिसांचा कागद, विम्यासाठी तो लागतो.

वेळेला इथे किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना तुमची, असा गैरव्यवहार बँकेकडून संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर बहुतेक बचत खात्यांना आणि ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डांना ती १०,००० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डांना २५,००० पर्यंत. पुढे बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. म्हणून संदेश रोमिंगवर येत राहणं, आणि रात्री झोपण्याआधी दिवसभराचे संदेश एकदा नजरेखालून घालणं, हे कोणत्याही आरएफआयडी पाकिटापेक्षा (दुरून कार्ड वाचता येऊ नये म्हणून विकतात ते पाकीट) जास्त कामाचं.

परत आल्यावर

आंतरराष्ट्रीय बटणं बंद करा. फॉरेक्स कार्डात उरलेली रक्कम परत करायची मुदत १८० दिवस आहे, २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतात. विकत घेतलेली वस्तू परत केली असेल तर परतावा त्या दिवशीच्या दराने येतो आणि मार्कअप सहसा येत नाही, तेव्हा दोन आकडे जुळले नाहीत म्हणून बँकेशी भांडू नका.

पुढची दोन-तीन स्टेटमेंटं मात्र ओळ न् ओळ वाचा. इटलीत गाडी घेतली असेल तर सहा महिन्यांनीही. तिथल्या जुन्या शहरांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग आहेत, झेडटीएल म्हणतात, आणि कॅमेऱ्याने पकडलेल्या गाडीच्या चालकाचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल भाडे-कंपनी कार्डावर शुल्क लावते. दंड त्यानंतर वेगळा, टपालाने घरी येतो. असं शुल्क दिसलं तर कार्ड ब्लॉक करण्याआधी कंपनीचा ई-मेल शोधा, तो बहुधा स्पॅममध्ये पडलेला असतो.